गोळी रक्तापर्यंत कशी पोहोचते?

ताप आला, की डॉक्टर आपल्याला गोळी देतात. आपण ती पाण्याबरोबर गिळतो. ताप साऱ्या अंगात असतो आणि गोळी मात्र पोटात जाते. मग तिचा गुण साऱ्या शरीराला कसा येतो? प्रश्न साधा वाटतो; पण त्याचे उत्तर शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना पुष्कळ खटपट करावी लागली.

जठरात गेल्यावर गोळी फुटते आणि तिच्यातील औषध हळूहळू विरघळू लागते. हा द्रव पुढे लहान आतड्यात उतरतो. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्याला आतून मखमलीसारखे मऊ अस्तर असते. मखमलीवर जशी लव असते, तसे या अस्तरावर असंख्य बारीक उंचवटे असतात. त्यामुळे औषध शोषून घेण्यास भरपूर जागा मिळते. अस्तराचा सर्वांत वरचा थर पेशींच्या एकाच रांगेचा असतो. या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. हा थर ओलांडला, की औषध रक्तात मिसळते. रक्त ते आधी यकृताकडे आणि नंतर साऱ्या शरीरात नेते.

सर्वच औषधांना हा थर ओलांडता येत नाही. १९४३ साली शोध लागलेले स्ट्रेप्टोमायसिन क्षयरोगावर गुणकारी ठरले. पण ते आतड्यातून रक्तात जवळजवळ जात नाही. म्हणून ते सुईनेच द्यावे लागते. मधुमेहावरचे इन्सुलिन गिळले, तर पाचकरस त्याचे तुकडे करून टाकतात. टेट्रासायक्लिन हे औषध दुधाबरोबर घेतले, तर दुधातील कॅल्शियम त्याला चिकटते आणि बरेचसे औषध वाया जाते.

आता समजा, एखादे नवे औषध तयार झाले. ते रक्तात पोहोचेल की नाही, हे कसे ओळखावे? फार कमी पोहोचले, तर रोग बरा होणार नाही. फार जास्त पोहोचले, तर अपाय होईल. न तपासलेले औषध माणसांना एकदम देणे योग्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतच आतड्याचे नमुने तयार केले.

१९५४ साली विल्सन आणि वाईजमन या शास्त्रज्ञांनी एक सोपी युक्ती वापरली. उशीचा अभ्रा आपण उलटा करतो, तसा त्यांनी प्राण्याच्या आतड्याचा तुकडा उलटा केला. आतले अस्तर बाहेर आले. तुकड्यात द्रव भरून त्याची दोन्ही टोके बांधली, की एक छोटी पिशवी तयार होते. ही पिशवी औषध मिसळलेल्या द्रवात ठेवतात आणि त्या द्रवाला प्राणवायू पुरवतात. काही वेळाने पिशवी उघडून आत किती औषध शिरले, ते मोजतात. ही पद्धत स्वस्त आहे. पण शरीराबाहेर काढलेले आतडे फार वेळ जिवंत राहत नाही. शिवाय प्रत्येक वेळी प्राण्याचा जीव घ्यावा लागतो.

पुढे दुसरा मार्ग सापडला. ७२ वर्षांच्या एका गृहस्थाच्या मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ झाली होती. त्या गाठीतील पेशी प्रयोगशाळेत वाढवण्यात आल्या. त्यांना ‘काको-२’ असे नाव मिळाले. या पेशींचा गुण मोठा अजब आहे. त्यांना सुमारे २१ दिवस वाढू दिले, तर त्या लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींसारख्या दिसू आणि वागू लागतात. १९८९ साली हिदाल्गो, राउब आणि बोर्चार्ट यांनी, औषधांचे शोषण तपासण्यासाठी या पेशी उपयोगी पडतील, असे दाखवून दिले.

हा प्रयोग असा करतात. मोठ्या वाटीत एक लहान वाटी बसवतात. लहान वाटीचा तळ गाळणीसारखा असतो. मात्र त्याची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. या तळावर पेशींचा अखंड थर वाढवतात. वरची बाजू म्हणजे जणू आतडे, खालची बाजू म्हणजे जणू रक्त! वर औषध घालून ठरावीक वेळाने खालचा द्रव तपासतात. थराला कोठे भोक तर पडले नाही ना, हे पाहण्यासाठी त्याचा विजेला होणारा विरोध मोजतात. पेशींतील काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी वागतात आणि आत आलेले औषध पुन्हा बाहेर ढकलतात. तेही या प्रयोगात कळते.

तरीही नमुना तो नमुनाच. या वाटीत ना जेवण असते, ना वाहते रक्त, ना आतड्यातील जंतू. अस्तरावरचा चिकट पदार्थही नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी काही प्रयोगांत चिकट पदार्थ तयार करणाऱ्या दुसऱ्या पेशी सोबत वाढवतात. २०१२ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एका लहानशा पट्टीवर आतडे उभे केले. तेथे पेशींवरून द्रव वाहतो आणि खऱ्या आतड्याप्रमाणे थर ताणला जातो व सैल होतो.

या नमुन्यांमुळे निरुपयोगी औषधे लवकर बाजूला काढता येतात. औषध माणसांना देऊन पाहण्याचे काम मात्र त्यामुळे संपत नाही. शेवटची परीक्षा तेथेच होते. परंतु त्या परीक्षेला बसणाऱ्या माणसांचा धोका कमी होतो.

म्हणून गोळी कशाबरोबर घ्यावी, जेवणाआधी घ्यावी की नंतर, अख्खी गिळावी की फोडून, हे डॉक्टरांना विचारावे. त्यांच्या एका लहानशा सूचनेमागे अनेकांचे परिश्रम असतात.

शब्दार्थ
शोषून घेणे – जज़्ब करणे
पेशी – ख़लिया
अपाय – नुकसान
उणीव – कमी
परिश्रम – मेहनत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्ट्रेप्टोमायसिन सुईनेच का द्यावे लागते?
(आ) ‘काको-२’ पेशी किती दिवस वाढवतात?
२. उलट्या आतड्याच्या पिशवीचा प्रयोग तुमच्या शब्दांत लिहा.
३. ‘नमुना तो नमुनाच’ असे लेखकाने का म्हटले आहे?