नाव एकाचे, घडण दुसऱ्याची

मोहाडीतील एका लेथवाल्या मिस्त्रींनी पाण्याच्या पंपाचा २० मिलिमीटर व्यासाचा दांडा कातून दिला. दोनच दिवसांत तो परत आला. बेअरिंग त्यावर ढिले बसत होते. गिऱ्हाइकाने दोष दिला तो मायक्रोमीटरला. त्यावर कारखान्याचे नाव नव्हते, एका विक्रेत्याचे होते. मिस्त्री तो घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, हा बनवला कोणी, तेवढं सांगा."

विद्यार्थी मित्रांनो, मायक्रोमीटर म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतील स्क्रू गेज. एकाने बनवायचे आणि दुसऱ्याने आपले नाव घालून विकायचे, ही रीत हत्यारांच्या व्यापारात जुनीच आहे. फ्रान्समधील पामर यांनी १८४८ साली स्क्रू मायक्रोमीटरचे पेटंट घेतले. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तो अमेरिकेच्या ब्राउन अँड शार्प या कंपनीच्या मालकांनी पाहिला आणि मायदेशी तसे मायक्रोमीटर बनवून विकायला सुरुवात केली. पुढे याच कंपनीच्या नावाने विकला जाणारा 'बेस्टेस्ट' हा डायल गेज मात्र स्वित्झर्लंडमधील टेसा कंपनी बनवत असे. तेव्हा नामांकित छापामागेही दुसऱ्याचे हात असू शकतात.

मग खरा कारागीर शोधायचा कसा? नाव बदलणे सोपे असते, घडण बदलणे महाग पडते. म्हणून नाव सोडून बाकी सारे पाहावे. मिस्त्रींच्या मायक्रोमीटरवर विक्रेत्याचे नाव रंगावर उथळ कोरलेले होते. '०–२५ मिमी' ही अक्षरे मात्र धातूत खोल उमटलेली होती. म्हणजे नाव मागाहून आले! आमच्या प्रयोगशाळेतही एक मायक्रोमीटर होता, त्यावर तिसऱ्याच विक्रेत्याचे नाव. दोन्ही शेजारी ठेवले. चौकटीचा आकार, आकड्यांचे वळण, स्क्रू अडकवण्याची कळ, बोटांच्या पकडीसाठीची जाळीदार नक्षी, सारे हुबेहूब जुळले.

तरीही मी मिस्त्रींना "बहुधा दोन्ही एकाच कारखान्यातले" एवढेच सांगितले. कारण खपणाऱ्या घडणीची नक्कलही होते. साम्य हा धागा आहे, पुरावा नव्हे. मूळ कारखान्याची खूण, पेटंट क्रमांक किंवा जुन्या सूचिपत्रातील चित्र मिळाले, तरच खात्रीने बोलता येते. आमच्या हाती यांपैकी काहीच नव्हते.

पण माप खरे की खोटे, हे नाव न कळताही तपासता येते. सायकलच्या दुकानातून आम्ही दोन प्रकारचे नवे छर्रे आणले: पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, आणि ३/१६ इंची, म्हणजे ४.७६ मिमी. आमच्या मायक्रोमीटरची शून्य त्रुटी +०.०३ मिमी होती. वाचन आले ६.३८ आणि ४.७९, त्रुटी वजा करता ६.३५ आणि ४.७६. मिस्त्रींच्या मायक्रोमीटरला शून्य त्रुटी नव्हती, आणि वाचन थेट ६.३५ व ४.७६ आले. दोन आकार मुद्दाम घेतले, कारण स्क्रूचे आटे एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी झिजलेले असू शकतात.

मग दांडा ढिला का? मी विचारले, "मिस्त्री, माप केव्हा घेतलं?" ते म्हणाले, "कातून झाल्याबरोबर, सर. हाताला चटका बसत होता."

उत्तर सापडले! पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. दांडा ६० अंशांनी जास्त तापला असेल, तर २० × ०.००००१२ × ६०, म्हणजे सुमारे ०.०१४ मिमी इतका तो फुगलेला होता. थंड झाल्यावर तेवढाच आक्रसला. बेअरिंग ढिले पडायला एवढे पुरते. म्हणूनच जगभर अशी मापे २० अंश सेल्सिअस तापमानाला धरून सांगितली जातात.

मिस्त्रींनी नवा दांडा कातला, थंड होऊ दिला आणि त्याच मायक्रोमीटरने मोजला. बेअरिंग घट्ट बसले.

तुमच्या शाळेतील स्क्रू गेज आज हाती घ्या. त्यावरचे नाव वाचा, पण तेथेच थांबू नका. छर्रा मोजून पाहा.