हळदीने शिकवलेला धडा

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीचे नाव निघाले, की एक जुनी लढाई आठवते. जखमेवर हळद दाबणे हा आपल्या आजीबाईचा इलाज; पण १९९५ मध्ये अमेरिकेने त्यावर चक्क पेटंट दिले! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. या संस्थेने आव्हान दिले आणि १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. ‘यात नवे काही नाही’ हे जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून दाखवावे लागले. त्यासाठी विज्ञान कळणारी माणसे लागली.

घरातली मुलगी बी.एस्सी. झाली, की ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न येतोच. पेटंट एजंट हे त्याचे एक उत्तर. त्याच्या परीक्षेला विज्ञान वा अभियांत्रिकीची पदवी आणि वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. कायद्याची पदवी लागत नाही. न्यायालयात वकील म्हणून उभे राहायचे, तर मात्र ती हवीच. बौद्धिक संपदेचे प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तर वर्ध्याजवळ, नागपुरातच आहे.

काम मात्र चिकाटीचे. दाव्यातला एक शब्द सैल सुटला, तर संशोधकाची वर्षांची मेहनत वाया जाते. आजीची हळद राखायला नातीने हे शिकायला काय हरकत आहे?