घोडीच्या कांसेचे विकार

(एक निवृत्त महसूल कारकून, येरवडा)

गाईचा किंवा म्हशीचा एखादा सड दगडी झाला, तर धार काढणाऱ्याच्या हाताला तें त्याच वेळीं कळतें. घोडीची धार आपल्याकडे कोणी काढीत नाहीं. तिची कांस लहान, मागील पायांच्या मध्यें दडलेली, आणि तेथें हात घालावयाचा म्हणजे लाथेची धास्ती. त्यामुळें घोडीच्या कांसेंत रोग शिरला, तरी तो बरेच दिवस कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आणि येतो तेव्हां कांसेचा म्हणून नव्हे, तर पायाचा रोग म्हणून किंवा स्वभावाची खोड म्हणून.

कांहीं वर्षांपूर्वीं येरवड्यास आमच्या शेजारीं एका गृहस्थांनीं वरातीची घोडी ठेविली होती. शिंगरूं सहा महिन्यांचें होतांच त्यांनीं तें तोडून गांवीं पाठविलें. पुढें पांचव्या दिवशीं घोडी उजवा मागील पाय आंखडून टाकूं लागली. नालबंद आला, त्यानें नाल काढून खूर तपासला, कांहीं सांपडलें नाहीं. मग दोन दिवस मांडीस तेल चोळण्यांत गेले. (हा सल्ला देणारांत मीही होतों, हें कबूल केलें पाहिजे. जन्मभर सातबारे उतरून काढले म्हणजे जनावरांचेंही कळतें, असा आम्हां कारकुनांचा समज असतो.) अखेर पशुवैद्य आले. त्यांनीं पायाकडे फारसें पाहिलेंच नाहीं. पोटाखालून हात सरकवून कांस चांचपली. डावी बाजू मऊ, उजवी दगडासारखी घट्ट व ऊन. पिळून तव्यावर घेतलें, तों दुधाऐवजीं पाणी आणि त्यांत पुवाच्या गुठळ्या. घोडी बरी झाली, परंतु ती बाजू कायमची गेली. पुढील वेताचें शिंगरूं एकाच बाजूवर वाढवावें लागलें.

मागील पाय आंखडणें, कांसेपुढें पोटाखालीं सूज उतरणें, अंग तापणें, चारा सोडणें आणि शिंगरूं जवळ येतांच लाथ झाडणें, या खुणांपैकीं एकही दिसली तर प्रथम कांस पाहावी. एकानें मोहरकी धरावी. दुसऱ्यानें घोडीच्या खांद्यापाशीं तिच्या अंगास लागून उभें राहावें, आणि हात पाठीवरून बरगडीवर व तेथून पोटाखालीं, मध्यें न उचलतां, न्यावा. मागून कधींही जाऊं नये. दोन्ही बाजू ताडून पाहाव्या, म्हणजे फरक कळतो. पहिलारू घोडीस विण्याच्या सुमारास जी सूज येते ती बहुधा दुखत नाहीं, बोटानें दाबली असतां खड्डा पडतो, आणि फिरविल्यानें उतरते. तिला भिण्याचें कारण नाहीं.

घोडीस सड दोनच; पण प्रत्येक सडास बहुधा दोन छिद्रें असतात, आणि प्रत्येक छिद्राची आंतील दुधाची जागा निराळी. यास्तव गाईच्या दगडीवर सडांत सोडावयाची नळी आपल्या मनानें घोडीस वापरूं नये. छिद्र बारीक असल्यानें जखम होते, आणि एकांत औषध गेलें तरी शेजारचा भाग तसाच राहतो. पहिली सुई टोंचण्यापूर्वीं दुधाचा नमुना स्वच्छ बाटलींत घेतला, तर जंतु ओळखून औषध ठरवितां येतें. दिवसांतून तीनचार वेळां ऊन फडक्यानें शेकावें व दूषित दूध पिळून काढावें. डाग मात्र देऊं नये; तो पूर्वीं सर्रास देत, आणि त्यानें दुखण्यांत दुखण्याची भर पडे.

शिंगरूं तोडतांना आधींपासून खुराक कमी करावा, चारा ठेवावा. कांस तटतटली तरी वरचेवर पिळूं नये, कारण पिळल्यानें दूध आणखी येतें. निरोगी कांस दोन्ही बाजूंनीं सारखी तटतटते व कांहीं दिवसांत आपोआप ओसरते. एकच बाजू तापली, तर मात्र थांबूं नये. शिंगरूं कधींच न झालेल्या घोडीसही हा रोग होतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

याहून मोठा धोका विण्याच्या वेळचा. विण्यापूर्वीं एक ते चार दिवस सडाच्या टोंकाशीं मेणासारखा थेंब धरतो. तो पुसूं नये. परंतु दूध आधींच टपटप गळूं लागलें, तर चीक वायां जात आहे असें समजावें. शिंगराच्या रक्तांत जन्मतः रोगप्रतिकारक द्रव्य जवळजवळ नसतें. तें चिकांतूनच मिळतें, आणि आंतड्यास तें शोषण्याची शक्ति सुमारें एक दिवसच असते. शिंगरानें दोन तासांत सड धरला पाहिजे. शिंगराच्या कपाळावर दूध ठिबकलेलें आणि कांस टम्म भरलेली दिसली, तर तें सडाखालीं उभें राहतें पण पीत नाहीं, असें जाणावें.

आपल्या जिल्ह्यांतील धनगरांच्या भीमथडी घोड्या, ज्यांची जात आज स्वतंत्र म्हणून सरकारदप्तरीं नोंदलेली आहे, बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढरांमागें चालतात, आणि वाटेंतही वितात. तेथें कांस पाहण्यास तळ पडल्यावरचा संध्याकाळचा वेळच काय तो सांपडतो. ओझें उतरवितांना तोच हात पोटाखालीं न्यावा. पशुवैद्यकीय मदतीसाठीं १९६२ हा बिनखर्चाचा दूरध्वनि आहे. त्यावर बोलतांना घोडी केव्हां व्याली अथवा शिंगरूं केव्हां तोडलें, कोणती बाजू सुजली आणि ताप किती, एवढें आधीं पाहून ठेवावें. मोठ्या घोडीस १०१.५ अंश फॅरनहाइटच्या वर ताप समजतात.