नोकरी फुटबॉलची, अभ्यास कायद्याचा

अमेरिकन फुटबॉलमध्ये दर चालीच्या सुरुवातीला दोन्ही संघांचे धिप्पाड गडी समोरासमोर, हात जमिनीला टेकवून ओणवे होतात. चेंडू हलला की एका ओळीनं चेंडू फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकला सांभाळायचं, दुसरीनं ती भिंत फोडून त्याला लोळवायचं. हे लाइनमन. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो; कॅमेरा भलतीकडे असतो आणि ही माणसं एकमेकांवर आदळत राहतात.

अ‍ॅलन पेज बचावाच्या ओळीत, मधल्या जागी खेळत. जन्म १९४५ चा, ओहायोतल्या कँटनचा. याच गावात १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलचं ‘हॉल ऑफ फेम’ उघडलं आणि शाळकरी पेजनी त्याच्या बांधकामावर मजुरी केली होती. नोट्र डेम विद्यापीठातून १९६७ मध्ये ते मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाकडे आले. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज ही जांभळ्या जर्सीतली चौकडी ‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणून गाजली. पेज त्या जागेच्या मानानं सडपातळ; समोरचा सावरायच्या आत ते त्याला चकवून गेलेले असत. १९७१ मध्ये ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचावपटूला हा मान तोवर कधी मिळाला नव्हता. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, मात्र चार वेळा खेळले, चारही वेळा हरले.

कायद्याचं वेड लहानपणापासूनचं. पहिल्यांदा एका विधी महाविद्यालयात नाव घातलं आणि काही आठवड्यांतच सोडलं. पुन्हा उमेद धरून मिनेसोटा विद्यापीठात शिरले आणि खेळता खेळता १९७८ मध्ये पदवी घेतली. दरम्यान पत्नी डायेन सिगारेट सोडण्यासाठी पळू लागल्या होत्या; त्यांच्यासोबत हेही पळू लागले आणि वजन उतरलं. लाइनमननं बारीक व्हावं हे प्रशिक्षक बड ग्रँट यांना पटेना. त्याच वर्षी ऐन हंगामात संघानं त्यांना मोकळं केलं आणि शिकागो बेअर्सनी अवघ्या १०० डॉलरांत उचललं. तिथं ते १९८१ पर्यंत खेळले. मधल्या काळात मॅरेथॉनही धावून आले.

वकिली खेळतानाच सुरू झाली होती; निवृत्तीनंतर राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात नोकरी. मिनेसोटात न्यायाधीश मतदानानं निवडले जातात. १९९२ मध्ये राज्यपालांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या एका न्यायमूर्तींची मुदत वाढवली, म्हणजे निवडणूकच टळली. पेज उभे राहणार होते. ते थेट कोर्टात गेले, जिंकले, निवडणूक घ्यायला लावली आणि तीही जिंकले! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. माझ्या मते त्यांचा सर्वांत देखणा डाव हा खटलाच. वयाची सत्तरी गाठल्यावर, नियमाप्रमाणे, २०१५ मध्ये ते पायउतार झाले.

१९८८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये सन्मान झाला, तेव्हा त्यांची ओळख करून द्यायला त्यांनी फुटबॉलमधला कुणी नव्हे, मिनिआपोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवडल्या. कारण ठाऊक असलं की हे विचित्र वाटत नाही: डावांची पुस्तिका धड वाचता न येणारे व्यावसायिक खेळाडू त्यांनी पाहिले होते. त्याच वर्षी पेज दांपत्यानं शिक्षणनिधी उभारला. त्यातून कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी मदत मिळते. अट एकच, त्यांनी धाकट्या मुलांना अभ्यासात हात द्यायचा.

खेळात मोडून काटकोनात वळलेली त्यांची करंगळी पोरांच्या कुतूहलाचा विषय. मग मुलगी केमी हिच्यासोबत त्यांनी त्या करंगळीवरच बालपुस्तक लिहिलं. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांकडून स्वातंत्र्यपदक मिळालं. त्याच्या आदल्या वर्षी मिनिआपोलिसमधल्या एका माध्यमिक शाळेचं नाव बदललं होतं. विद्यार्थ्यांनीच त्यासाठी मोहीम चालवली आणि जुन्या राज्यपालाचं नाव काढून शाळेला न्यायमूर्ती पेज यांचं दिलं.