खेळांचा संगणक घरी जुळवताना



कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता, नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी संगणकावर बोलणार आहे, आणि तोही खेळ खेळावयाच्या संगणकावर. विषय कळविला तेव्हा संयोजकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचलेल्या माहितीपत्रकांतून. या विषयात मला अधिकार असा काही नाही. एका प्रकरणात हात पोळले, त्यातून जे कळले तेवढे सांगतो.

प्रकरण असे. आमच्या युनियनचा एक सभासद वेल्डर आहे. त्याचा मुलगा २०२४ साली बारावी झाला. संगणकाचा अभ्यासक्रम त्याने घेतला, आणि अभ्यासही होईल व खेळही खेळता येतील असा संगणक हवा म्हणून हट्ट धरला. बापाने पतपेढीतून ६० हजारांचे कर्ज काढले. जामीन म्हणून सही माझी. बापलेक बाजारात गेले आणि एका दुकानातून ३५ हजारांना तयार पेटी घेऊन आले. काचेची बाजू, आत सात रंगांचे दिवे, वर चिठ्ठी : ‘आय-सेव्हन, १६ जीबी, ग्राफिक्स कार्डासह’. बिल घेतले नाही, कारण बिल घेतल्यास १८ टक्के जीएसटी पडेल असे दुकानदार म्हणाला. बाराव्या दिवशी जळका वास आला आणि पेटी बंद पडली.

मी दुकानात तीनदा गेलो. तिसऱ्या खेपेस वेल्डरला आणि आणखी चार सभासदांना बरोबर नेले. आम्ही घोषणा दिल्या नाहीत. नुसते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून राहिलो. सायंकाळपर्यंत २८ हजार परत मिळाले. सात हजार बुडाले ते बुडाले. आता हातात ५३ हजार होते, आणि पोरगा मला म्हणाला, “काका, आता सुटे भाग आणून आपणच जोडू या.” त्याच्या मामाने जुना मॉनिटर दिलेला होता, तेवढा खर्च वाचला.

प्रथम मी त्याला विचारले, तुझ्या मॉनिटरवर ठिपके किती? पुष्कळ जण प्रोसेसरपासून आरंभ करतात, आणि तेथेच चुकतात. संगणकाला खेळात काम काय करावयाचे असते? सेकंदाला निदान साठ वेळा एक नवे चित्र रंगवावयाचे. साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. हे साठ वेळा म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात त्या पडद्यावर ठिपके बरोबर चौपट, म्हणजे कामही जवळजवळ चौपट. पडदा ठरला की किती शक्तीचे यंत्र पुरे ते ठरते. पन्नास-साठ हजारांत ज्याला यंत्र बसवावयाचे आहे त्याने फोर-केचा मोह सोडावा. १९२० बाय १०८० या मापाचा पडदा लहान नव्हे. संगणकावर खेळणारे पुष्कळ लोक त्यावरच खेळतात.

ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. कोणता खेळाडू कोठे उभा आहे, गोळी कोठे लागली, भिंत कोसळेल की नाही, हा हिशेब प्रोसेसरचा. प्रोसेसर हिशेब करून पुढे देतो आणि कार्ड रंगविते. माझे वडील मुंबईला गिरणीत साच्यावर होते. ते सांगत की त्रासनखात्यातून सूत कमी आले की साचेखाते हात बांधून बसते. आणि सूत ढिगाने आले तरी साचे जितके आहेत तितकेच कापड निघते. येथेही तसेच आहे. भारी प्रोसेसर घेऊन हलके कार्ड लावले तर पैसा त्रासनखात्यात अडकला. खेळाच्या यंत्रात मात्र बहुधा साचे कमी पडतात, सूत नव्हे. म्हणून एकूण रकमेतला सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा, तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत.

आम्ही एएमडीचे आरएक्स ६६०० हे कार्ड घेतले. ते २०२१ साली बाजारात आले, त्यात स्वतःची ८ गीगाबाइट स्मृती असते आणि ते १३२ वॉट वीज खाते. कार्डाची स्मृती पाहणे अगत्याचे आहे. नव्या खेळांतली चित्रे इतकी जड झाली आहेत की ४ गीगाबाइटचे कार्ड धापा टाकू लागते. त्या दुकानदाराने दिलेले कार्ड २०१४ सालच्या जीटी ७३० जातीचे होते. त्यावर पडदा दिसतो, सिनेमा दिसतो, खेळ चालत नाही. ‘ग्राफिक्स कार्डासह’ हे शब्द खोटे नव्हते, एवढेच दुकानदाराच्या बाजूने म्हणता येईल.

‘आय-सेव्हन’ची गंमतही तशीच. हे नाव इंटेल कंपनी २००८ पासून वापरीत आली. नावापुढचा आकडा पाहिल्याखेरीज त्याला अर्थ नाही. आमच्या पेटीत ३७७० निघाला. आरंभीचा ३ म्हणजे तिसरी पिढी, साल २०१२. त्याच कंपनीचा आय-थ्री १२१००, बारावी पिढी, २०२२ साली आला. दोहोंत कोअर चारच, पण हा ‘धाकटा’ त्या ‘थोरल्या’ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते, आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. म्हणजे ती पेटी जळली नसती तरी वर्षभरात अडचणीचीच ठरली असती. कारखान्यात नव्या माणसाला हुद्दा मोठा आणि पगार जुना देण्याची जी युक्ती मालक करतात, तिची मला आठवण झाली.

आम्ही रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर घेतला. सहा कोअर, ६५ वॉटचे माप, आणि थंड ठेवण्याचा पंखा डब्यातच मिळतो. वेगळा घ्यावा लागत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या प्रोसेसरमध्ये चित्र दाखविण्याची सोय मुळीच नाही. इंटेलच्या आकड्यामागे ‘एफ’ असला तरी तेच. आम्ही यंत्र प्रथम सुरू केले तेव्हा पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. अर्धा तास मी घामाघूम. पतपेढीचे कर्ज डोळ्यांपुढे. शेवटी पोरानेच पाहिले की मॉनिटरची केबल मी मदरबोर्डाच्या खाचेत लावली होती. ती ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत लावताच चित्र आले. हसू नका, पुष्कळांचे असे होते.

मदरबोर्डाविषयी थोडक्यात. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिचे नाव जुळलेच पाहिजे. एएमडीची ‘एएम४’ ही खाच २०१६ पासूनची. तीत बसणारे नवे प्रोसेसर अनेक वर्षे येत राहिले, म्हणून या बोर्डांचा भाव उतरलेला होता. २०२२ मध्ये ‘एएम५’ आली. ती पुढे अधिक वर्षे चालेल, पण तिला डीडीआर५ जातीचीच रॅम लागते आणि आरंभीचा खर्च वाढतो. पुढे तीन वर्षांनी प्रोसेसर बदलता येईल अशी ज्याला आशा आहे त्याने एएम५ घ्यावी. ज्याला आज कर्जाचा हप्ता भरावयाचा आहे त्याने जुनीच बरी, असा निर्णय आम्ही केला. मात्र जुना बोर्ड घेताना त्यातला बायोस नव्या प्रोसेसरला ओळखतो की नाही हे दुकानातच विचारावे.

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. तो म्हणजे एसएमपीएस, विजेचा डबा. याने खेळ वेगाने चालत नाही, तो दिसत नाही, त्यात दिवे नसतात. म्हणून सगळी काटकसर याच्यावरच होते. कारखान्यातही असेच घडते. यंत्र नवे आणतात आणि अर्थिंगच्या तारेवर पैसे वाचवितात.

जळालेल्या डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट असे छापले होते. त्याच्या बाजूला बारीक अक्षरांचा तक्ता असतो, तो मी भिंग लावून वाचला. संगणकातली जड कामे, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. त्या रकान्यात लिहिले होते १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. बाकीचे वॉट कोठून आले? ज्या ३.३ आणि ५ व्होल्टच्या पुरवठ्याला आजच्या यंत्रात फारसे काम उरले नाही, ते धरून आकडा फुगविलेला. आमच्या युनियनमधल्या इलेक्ट्रिशियनने डबा उघडला. आतले कपॅसिटर फुगून फुटले होते. हे काम आपण घरी करू नये, कारण वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार काही काळ राहतो.

तेव्हा हिशेब असा करावा. कार्डाचे १३२, प्रोसेसरचे ६५ ते ८०, बोर्ड, पंखे, साठवण यांचे चाळीस-पन्नास. जोर लागतो तेव्हा अडीचशेच्या घरात. मध्येच येणाऱ्या उसळ्यांसाठी आणि पुढे मोठे कार्ड घ्यावेसे वाटले तर त्यासाठी आम्ही ५५० वॉटचा डबा घेतला, आणि १२ व्होल्टसमोर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॉट, हे वाचूनच पैसे मोजले. त्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ असा शिक्का होता. अर्ध्या भारावर घेतलेल्या विजेपैकी निदान ८५ टक्के वीज कामी लागते असा त्याचा अर्थ. तो काटकसरीचा दाखला आहे, टिकाऊपणाचा नव्हे. टिकाऊपणासाठी हमीची वर्षे पाहावीत. पाच वर्षांची हमी देणारा कारखानदार आत अगदीच भुसा भरीत नाही.

रॅम १६ गीगाबाइट पुरे, पण एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी ने-आण होते आणि खेळात त्याचा फरक दिसतो. चार खाचा असल्या तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरावी. पट्टीवर ३२०० लिहिले असले तरी बायोसमध्ये जाऊन तशी आज्ञा दिल्याखेरीज ती पुष्कळदा कमी वेगानेच चालते. साठवणीला एक टेराबाइटची एसएसडी घ्यावी, कारण एकेक मोठा खेळ शंभर-दीडशे गीगाबाइट जागा अडवितो. पेटी हवा खेळेल अशी जाळीची असावी. काच पाहिजे असेल त्याने घ्यावी, माझी तक्रार नाही.

लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरून ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही जे मोजले ते असे : प्रोसेसर १०,४००, मदरबोर्ड ७,९००, रॅम ३,३००, ग्राफिक्स कार्ड २०,२००, एसएसडी ४,९००, एसएमपीएस ३,९००, पेटी २,२००. एकूण ५२,८००, जीएसटी धरून. उरलेल्या दोनशेत आमचे वडापाव, चहा आणि लोकलचे परतीचे तिकीट झाले. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल घेतले आणि डब्यावरचा क्रमांक बिलावर लिहवून घेतला. हमी त्या क्रमांकाची असते. १८ टक्के वाचवून बिल सोडणे म्हणजे नेमणूकपत्राशिवाय कामाला लागणे. बिल हाती असते तर पहिल्या दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही पडत नाही. बाकावर बसण्याचे काम वाचले असते.

जुने कार्ड घ्यावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची खाणकामाची पद्धत बंद झाली, आणि त्यासाठी रात्रंदिवस राबविलेली कार्डे विक्रीला आली. राबलेले यंत्र वाईटच असते असे नाही. मीही पन्नाशी ओलांडली आहे. पण विकणाराच्या घरी जाऊन, अर्धा तास खेळ चालवून, पंख्याचा आवाज ऐकून मगच पैसे द्यावेत. हमी शिल्लक असल्यास बिल मागावे. कर्जाच्या पैशाने मात्र मी जुने घेऊ देणार नाही.

आजच्या भावाविषयी एक इशारा देणे भाग आहे. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतीच्या चकत्या बनविणाऱ्या कारखान्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडे वळविला आणि रॅमचे भाव भडकले. आम्ही ३,३०० ला आणलेला संच आता त्या भावात मागू नये. एसएसडीही महागल्या. म्हणून माझे आकडे जसेच्या तसे घेऊन बाजारात जाऊ नका. वाटा कसा केला ते पाहा. रॅमसाठी जास्त मोजावे लागले तर आधी पेटीतून कापा, मग साठवण अर्धी करा, ती पुढे वाढविता येते. विजेच्या डब्याला हात लावू नका.

जोडणीला आम्हाला सहा तास लागले. एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. अंगातली स्थिर वीज उतरविण्यासाठी मधूनमधून पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण आणि खाचेवरचा त्रिकोण जुळवून तो नुसता ठेवावा. दाबू नये, तो आपल्या वजनाने बसतो. वेल्डर शेजारी बसून होता. लोखंड दाबून ठोकून बसविण्याची त्याची सवय. “जरा जोर लावू काय?” असे त्याने चारदा विचारले, आणि पोराने चारही वेळा बापाचा हात धरला.

कर्जाचे हप्ते फेडले जात आहेत, चार राहिले आहेत. गेल्या दिवाळीत पोराने पेटी उघडून पंख्यांची धूळ काढली आणि आमच्या युनियनच्या कचेरीतला जुना संगणकही दुरुस्त करून दिला. त्यावर त्याने एक खेळ टाकून ठेवला आहे हे मला पुढे महिन्याभराने कळले. चिटणीसांना अजून ठाऊक नाही.