एकाच मार्कांची दोन मुलं

'आईने डबा खाली ठेवला.' उल्हासनगर कॅम्प १ मधल्या एखाद्या मराठी शाळेत तिसरीतली दोन मुलं हे वाक्य वाचताहेत असं समजा. पहिल्याच्या घरी हिंदी. लिपी तीच, त्यामुळे तो घडाघडा वाचतो. डब्यात काय होतं, असं विचारलं तर म्हणतो, 'काहीच नाही. खाली होता ना!' दुसऱ्याच्या घरी मराठी. तो 'खा… ल… ठ… वला' असं चाचपडतो, वेलांटी आणि मात्रा निसटतात. पण हेच वाक्य बाईंनी वाचून दाखवलं की डबा कुठे ठेवला ते पटकन सांगतो. परीक्षेत दोघांना मार्क तेवढेच, आणि प्रगतिपुस्तकात शेराही एकच: 'वाचन कच्चे'.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव पडलं. पुढे मराठी आणि हिंदी भाषक कामगारांची वस्तीही वाढली. त्यामुळे शहरातल्या गोल मैदानाच्या आसपास एका बाकावर दोन-तीन घरभाषा असणं नवं नाही. अशी मुलं वेगवेगळ्या जागी अडतात; मार्गदर्शित वाचनाचे छोटे गट पाडायचे ते नेमके याच कारणासाठी.

पण गट म्हटलं की पालकांना हुशार आणि ढ अशा तुकड्या आठवतात. ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही, कारण एकदा पाडलेला गट वर्षभर तसाच ठेवला तर त्याची तुकडीच होते. मार्गदर्शित वाचनाचा गट मार्कांवर बेतायचा नसतो, मूल कुठे अडतं त्यावर बेतायचा असतो, आणि दर काही आठवड्यांनी मोडायचा असतो. वरच्या दोघांचे गट वेगळे हवेत. पहिल्याशी शब्द आणि अर्थ बोलायचे, दुसऱ्याकडून काना-मात्रा-वेलांटी पक्की करून घ्यायची.

दुसरा गैरसमज असा की समूहवाचन म्हणजेच गटवाचन. सगळा वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा अडलेलं मूल नुसतं तोंड हलवतं आणि खपून जातं. मार्गदर्शित गटात चार ते सहा मुलं असतात, सगळ्यांच्या हातात एकच गोष्ट असते आणि प्रत्येक जण आपापलं हळू आवाजात वाचतो. बाई एकेकाजवळ बसून ऐकतात. शंभर शब्दांत नव्वद ते चौऱ्याण्णव बरोबर आले तर पुस्तक शिकण्याजोगं, त्याहून जास्त आले तर सोपं, नव्वदच्या खाली गेलं तर जड, असा ढोबळ अंदाज लावतात. उच्चार बरोबर आला तरी अर्थ विचारायचाच. नाहीतर आपला पहिला मुलगा शंभरपैकी शंभर घेऊन जातो!

चित्र बघून शब्द ओळखायला शिकवणं मात्र टाळावं. अक्षरांची ओळख गटवाचनातून आपोआप होत नाही, त्यासाठी वेगळा तास लागतो.

'हे परदेशी खूळ' असंही ऐकू येतं. पण मुलाच्या पायरीवरून शिकवणं आपल्याकडेही करून पाहिलेलं आहे. मुंबईच्या महापालिका शाळांत आणि वडोदऱ्यात 'प्रथम' संस्थेच्या 'बालसखी' नावाच्या शिक्षिका मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून त्यांच्या पायरीवरून शिकवत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम तपासला. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: शाळांतल्या गुणांची सरासरी वाढली आणि सर्वांत जास्त फायदा तळातल्या मुलांना झाला.

एकट्या बाईंना हे जमेल का? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीस मुलं धरली तरी पाच-पाचचे सहा गट होतात. रोज सगळे घ्यायला गेलात तर फसाल. दिवसाला एक किंवा दोन घ्या, पंधरा-वीस मिनिटांचे. बाकीची मुलं वाचन कोपऱ्यात जोडीने वाचतील किंवा लिहितील. सुरुवातीचे काही दिवस गोष्टीपेक्षा 'बाई गटात असताना मधे यायचं नाही' हेच शिकवण्यात जातात.

पुस्तकांचा खर्चही वाटतो तेवढा नाही. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, चार पातळ्यांत लावलेल्या, छापून घेता येणाऱ्या. फक्त गोष्टीवरचा पातळीचा आकडा मुलाच्या वहीवर लिहू नका.