डिझेलच्या राज्यात परतलेला प्लग

लेलँड हे गाव नकाशावर दाखवा म्हटलं तर आपण अडखळू, पण ते नाव हायवेवरच्या कितीतरी ट्रकांच्या तोंडावर आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. इंग्लंडच्या लँकेशायरमधलं हे गाव. मद्रासच्या अशोक मोटर्सने तिथल्या कंपनीशी सोयरीक केली आणि १९५५ साली अशोक लेलँड हे नाव आपल्याकडे आलं. याच गावात २०१६ साली ट्रकांसाठी गॅस भरण्याचं स्टेशन सुरू झालं, थेट उच्च दाबाच्या गॅसवाहिनीला जोडलेलं. वेट्रोज या किराणा साखळीच्या ट्रकांनी तिथून गॅस घ्यायला सुरुवात केली आणि २०१७ मध्ये त्यांच्या ताफ्यात एकदा टाकी भरली की सुमारे आठशे किलोमीटर जाणारे स्कॅनियाचे गॅस ट्रक आले. त्यांच्यासोबत एक जुना पाहुणा वर्कशॉपात परतला: स्पार्क प्लग.

डिझेल इंजिनाला प्लग लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. या गॅसमधल्या मिथेनचं तसं नाही. तो आपोआप पेटायला सुमारे ५४० अंश तापमान लागतं, म्हणून ठिणगी द्यावीच लागते. (व्होल्वोने २०१७ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांच्या द्रवरूप गॅसच्या ट्रकात आधी थोडं डिझेल पेटवून गॅस पेटवतात, तिथे प्लगच नाही.) ज्या मेकॅनिकांची हयात डिझेलवर गेली, त्यांना मग प्लगपाना नव्याने हाती घ्यावा लागला. प्रश्न सोपा वाटतो: हे प्लग बदलायचे कधी?

उत्तराची गुरुकिल्ली टर्बोमध्ये आहे. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा जितकी दाट, तितकं ठिणगीला एका टोकावरून दुसऱ्यावर उडी मारणं अवघड. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये हा हिशोब मांडला. इंजिनात असतो तशा दाबाला त्याचा अर्थ साधारण असा: दाब दुप्पट झाला तर व्होल्टेजही जवळपास दुप्पट हवं, आणि प्लगच्या दोन टोकांमधली गॅप वाढली तरी तेच. आता प्रत्येक ठिणगी इलेक्ट्रोडचा कणभर धातू खाते, म्हणून गॅप रोज सूक्ष्मशी वाढत असते. साध्या इंजिनात ही वाढ पुष्कळ दिवस खपून जाते. टर्बोमध्ये मात्र ठिणगीला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलकडे मुळातच फार शिल्लक नसते. म्हणून अशा इंजिनांना गॅप कमी ठेवतात. गॅसवर चालणाऱ्या इंजिनांत तर ती बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते.

ठिणग्या मोजून बघा. इंजिन १२०० फेऱ्यांवर चालत असेल तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ६०० ठिणग्या पडतात, तासाला ३६ हजार. ब्रिटनमध्ये ड्रायव्हरला दिवसाला साधारण नऊ तास गाडी चालवता येते. म्हणजे एका पाळीत एका प्लगच्या तीन लाखांहून जास्त ठिणग्या, तेही ४४ टनांपर्यंतचं वजन ओढताना.

म्हणून कारच्या इरिडियम प्लगच्या खोक्यावरचा ‘लाख किलोमीटर’ इथे कामाचा नाही. लांब पल्ल्याचा ट्रक वर्षाला लाखावर किलोमीटर सहज कापतो, त्यामुळे प्लग बदलणं हे त्याच्यासाठी वर्षातून एकदा किंवा त्याहून जास्त वेळा येणारं काम ठरतं. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातला धरायचा, शेजारच्या गाडीचा नाही. माझं मत विचाराल तर पुस्तकातला आकडा ही कमाल मर्यादा समजावी. कायम चढावर राबणाऱ्या गाडीला तो अलीकडे आणावा, कारण प्लगचं वय रस्त्यापेक्षा ओझ्याने ठरतं.

दाब आणि प्लग यांची ही झटापट ब्रिटनला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाला बारा सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन, असे चोवीस प्लग होते. तिथे टर्बोऐवजी इंजिनाच्याच ताकदीवर फिरणारा सुपरचार्जर हवा कोंबत असे. वर पेट्रोलात शिसं. इंजिन फार वेळ हळू चाललं की ते शिसं प्लगवर बसायचं.

प्लग थकल्याची खूण सपाट रस्त्यावर सहसा दिसत नाही. मँचेस्टरहून लीड्सकडे जाणारा एम-६२ पेनाइन डोंगर ओलांडताना ३७२ मीटरवर पोचतो, इंग्लंडमधल्या मोटरवेंचा हा सर्वांत उंच माथा. भरलेली गाडी तिथे वरच्या गिअरमध्ये चढते, टर्बो पूर्ण दाब देतो, आणि नेमकं तेव्हाच एखादं सिलिंडर मिस करतं. गाडी हलका झटका देते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. माथा उतरला की सगळं ठाकठीक. ड्रायव्हरला वाटतं, गॅसच खराब असेल.

पण दिव्याची वाट बघणं महाग पडतं. न पेटलेला गॅस सायलेन्सरकडच्या कॅटॅलिस्टमध्ये जातो. तिथे पेटला तर महागडा कॅटॅलिस्ट वितळतो, न पेटता निसटला तर मिथेन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरून ठेवतो. पर्यावरणासाठी गॅसचा ट्रक घ्यायचा आणि प्लगचे पैसे वाचवायचे, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

आपल्याकडे स्कूटर बंद पडली की प्लग काढून पॉलिश पेपरने घासणारी पिढी अजून आहे. इरिडियमवर तो प्रयोग करू नये. टोक फार बारीक असतं, घासलं की गेलं. इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढावेत आणि नवे टॉर्क रेंचने आवळावेत. बदलायचे तर सगळे एकदम. जुने मात्र लगेच फेकू नयेत, सिलिंडरच्या क्रमाने फडक्यावर मांडावेत. सगळे सारखेच झिजलेले असतील तर ते वयाने गेले. बाकी सगळे फिकट आणि एकच काळा, तेलकट निघाला, तर नवा प्लगही तिथे टिकणार नाही. आधी त्या सिलिंडरच्या रिंगा आणि व्हॉल्व्हचे सील तपासायला हवेत.